निळ्या अक्षराला एकच शाई

ताई, तुमचं नाव निळ्यातच छापलं.

वेगळी शाई घोटली, वेगळी प्लेट काढली, आणि चार रंग झाल्यावर तोच कागद पाचव्यांदा मशीनवर घातला. मशीन चालवणारे रफिकभाई आधी कुरकुरले. "भाभी, दो रंगां में बन जाता ना नीला. छोटासा कार्ड है. कौन देखता?" मी नुसतं त्यांच्याकडं बघितलं. मग तेच मान हलवून म्हणाले, "हौ, बाई देखतीं," आणि शाईच्या डब्याचं झाकण उघडलं. तुमच्या पुण्यानुमोदनाची पत्रिका होती ती. हाताएवढा कागद. वर बुद्धाचं चित्र, मध्ये तुमचा फोटो, खाली नाव, विमल. फोटो लई शोधावा लागला. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोटो छापलेत, आणि तुमचा स्वतःचा म्हणून एकच धड निघाला. त्यातही कुणीतरी हाक मारल्यासारखं तुम्ही बाजूला बघताय.

नाव मात्र छान उमटलं. कडा इतक्या स्वच्छ, की बोट फिरवलं तर लागतील असं वाटावं.

लोक येतायत अजून. सतरंजीवर बसतात, पाणी पितात, तुमच्याबद्दल बोलतात. तुमचा जन्म, शिक्षण, बाबांनी सुरू केलेलं प्रेस तुम्ही कसं हातात घेतलं, लग्न केलं नाही, भावाला शिकवलं, हे सगळं प्रशांत सांगतो. बहिणीबद्दल सांगताना त्याचा आवाज बारीक होतो. मी आत-बाहेर करत राहते. माझ्याकडं सांगण्यासारखं जे आहे ते त्या लोकांना सांगण्यासारखं नाही. ते तुमच्याशीच बोलायचं आहे, आणि तुम्ही मध्येच उठून गेलात.

मला बघायला आलात तो दिवस आठवतो? तुमच्या आईनं स्वयंपाकाचं विचारलं. काकांनी उंची विचारली. प्रशांत चपलांकडं बघत बसला होता. आणि तुम्ही इतका वेळ गप्प बसून एकदम विचारलंत, "अक्षरं काढता येतात का?"

मी कमर्शियल आर्टचा डिप्लोमा केलेली मुलगी. तोवर जी जी स्थळं येऊन गेली त्यांनी माझी चित्रं म्हणजे भिंतीवर टांगायची हौस असं धरलं होतं. अक्षरांबद्दल विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच. त्या एका प्रश्नावर मी लग्नाला हो म्हणाले. हे प्रशांतला मी अजून सांगितलेलं नाही. तुम्हालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "मग माझ्याशीच करायचं व्हतं की लग्न." आणि एका अर्थी तसंच झालं. प्रशांत सकाळी वाळूजला कंपनीत जायचा आणि संध्याकाळी यायचा. माझा सगळा दिवस तुमच्याबरोबर जायचा.

औरंगपुऱ्यातल्या त्या गल्लीतली आपली खोली. पुढं शटर, मध्ये मशीन, मागं माळ्याखाली माझा कॉम्प्युटर. खिडकी नाही. रॉकेलचा आणि शाईचा वास केसांत बसायचा तो रविवारीसुद्धा जायचा नाही. आणि माझ्या टेबलाच्या तोंडाशी तुमचं स्टूल. मला बाहेर यायचं असलं तर आधी तुम्ही उठायचं, स्टूल उचलायचं, मग मी निघायचं. सुरुवातीला मला हसू यायचं. नंतर नंतर मी पाणी कमी प्यायला लागले, म्हणजे उठावं लागू नये. तुम्हाला कधी कळलं का हे, माहीत नाही. तुम्ही तिथं बसायचात कारण मशीन आणि शटर दोन्ही तिथून दिसायचं. मला अडवायला बसायचा नाहीत. पण अडायची मीच.

आपलं पहिलं कडाक्याचं भांडण झालं ते पाचोडच्या कापड दुकानदारापायी. बाजाराच्या दिवशी वाटायला त्याला रंगीत पत्रक हवं होतं. माझं पहिलंच मोठं काम. मी जीव ओतून केलं. भोवती पैठणीच्या काठासारखी नक्षी, मध्ये साडी नेसलेली बाई, आणि खाली बारीक तपकिरी अक्षरांत मालाची नावं. काळी अक्षरं मला त्या चित्राखाली कोरडी वाटत होती. तपकिरी रंग म्हणजे गुलाबी, पिवळा आणि थोडा काळा, तिन्ही बारीक बारीक ठिपक्यांनी मिळून झालेला. पडद्यावर तो सुरेख दिसत होता.

आपल्या मशीनला एका वेळी एकच रंग. चार रंगांचं काम म्हणजे तोच कागद चारदा आत जाणार, दरवेळी नवी प्लेट. एका रंगावर दुसरा नेमका बसला पाहिजे. त्याला प्रेसमध्ये रजिस्टर म्हणतात हेसुद्धा तेव्हा मला नवं होतं. आणि कागद काही एका मापात राहत नाही. पावसाळ्यात फुगतो, आपल्या उन्हाळ्यात वाळून मुडपतो. पहिल्या रंगापासून शेवटच्या रंगापर्यंत केसाएवढा तरी हलतोच. चित्रात ते लपून जातं. बारीक अक्षरात लपत नाही.

पत्रक छापून आलं तेव्हा चित्र छानच दिसत होतं, आणि अक्षरं, डोळ्यांत पाणी आल्यावर दिसतात तशी. दुकानदाराला त्याचं काही नव्हतं. "लई भारी झालंय," म्हणत तो गठ्ठा उचलायला लागला, आणि तुम्ही गठ्ठ्यावर हात ठेवलात.

"उद्या न्या."

"का बरं? चांगलं तर हाय की."

"तुम्हाला दिसत नाय म्हणून काय झालं? मला दिसतंय."

तो बडबडत गेला. तुम्ही मला टेबलाशी ओढलंत आणि भिंग पुढं केलंत. भिंगाखाली 'साडी'मधला 'सा' होता. एक नाही, तीन. "हा बघ, गुलाबीचा काना इकडं, पिवळ्याचा तिकडं. वाचणाऱ्यानं कुठला वाचायचा?"

मला इतका राग आला होता की तुमच्याकडं न बघता बोलले, "मग मशीन नीट करून घ्या ना. माझ्या डिझाइनला कशाला नावं ठेवता?"

"मशीन जसं हाय तसं हाय, सुजाता. आपण त्याच्यात बसायचं."

ते तुम्ही मशीनबद्दल बोललात. मला ते सगळ्याबद्दल ऐकू आलं. खोलीबद्दल, स्टुलाबद्दल, माझ्या लग्नाबद्दल. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः काचेवर तपकिरी शाई घोटलीत, अक्षरांची वेगळी प्लेट काढून घेतलीत, आणि तीच नावं एका शाईत छापली. कोरल्यासारखी. मी बघितलं आणि चांगलं झालंय असं म्हणाले नाही. तुम्हीही विचारलं नाहीत.

पण ताई, एक गोष्ट तुम्ही शेवटपर्यंत मानली नाहीत, ती आज मांडतेच. रंगीत अक्षराला एकच शाई, दोन नाहीच, हा तुमचा नियम सगळीकडं लागू नाही. निळ्याला तो लागू आहे. गर्द निळा करायचा तर आकाशी रंगावर गुलाबी चढवावा लागतो, आणि गुलाबी जरा सरकला की अक्षराला लिपस्टिक लावल्यासारखी कड दिसते. जयंतीच्या दिवसांत आपल्या प्रेसमधून जे निळं बाहेर पडायचं, फलक म्हणा, पुस्तिका म्हणा, त्यात ही कड तुम्हाला सहन व्हायची नाही. "आपल्या निळ्याला पदर नको," म्हणायचात. ते मी कबूल केलं. पण लाल? गुलाबीवर पिवळा चढला की लाल होतो. आणि पिवळा बिचारा सरकला तरी कुणाच्या डोळ्याला टोचत नाही.

मिठाईच्या खोक्यावरून हा वाद झाला होता. तुम्ही ऐकेनात, म्हणून मी रफिकभाईंना म्हटलं, मुद्दाम पिवळा थोडा हलवून एक कागद काढा. काढला. तुम्ही तो दाराशी उन्हात नेऊन बघितलात, मग भिंग लावलंत. "हाय की फरक. भिंगातून दिसतंय."

"ताई, गिऱ्हाईक भिंग घेऊन पेढे खातं का?"

रफिकभाईंना इतकं हसू आलं की त्यांना मशीन बंद करावं लागलं. तुम्ही हसला नाहीत. पण त्या दिवसापासून लाल अक्षरं माझ्या पद्धतीनं जायला लागली. 'तुझं बरोबर होतं' हे मात्र तुमच्या तोंडून निघालं नाही. मी वाट बघत होते. वेडेपणा वाटेल, पण अजून बघतेय.

आणि हेही खरं की मला जे येतं ते त्या बिनखिडकीच्या खोलीत आलं. कॉलेजात मला रंग शिकवले होते. कागदावर रंग काय काय करतो ते तुमच्या टेबलाशी शिकले. कुठलं अक्षर किती जाड हवं म्हणजे ते रंग सोसतं, फिकट रंगाचं अक्षर ठिपक्यांमुळं करवतीसारखं का दिसतं, गर्द चित्रात पांढरं अक्षर सोडलं तर ते बुजून का जातं. तुम्ही शिकवायला बसला नाहीत कधी. नुसतं बिघडलेलं माझ्यापुढं टाकायचात आणि "बघ" म्हणायचात. तेव्हा मला तो छळ वाटायचा. आज उपकार म्हणावं तर म्हणवत नाही, कारण त्या उपकारानंच मी तिथं रुतत गेले. जितकं जास्त यायला लागलं तितकं माझ्यावाचून अडायला लागलं.

मी प्रेस सोडून जायचं ठरवलं होतं, ताई. तुम्हाला माहीत होतं. एकदा तुमचे बाबा अंथरुणाला खिळले. एकदा लग्नसराई तोंडावर होती. दरवेळी तुम्ही म्हणायचात, "जा ना. कोण धरलंय?" आणि दरवेळी मला त्यात टोमणा ऐकू यायचा.

मग तुमच्या साखरेनं डोळ्यांवर हात टाकला.

तुम्ही सांगितलं नाहीत. स्कूटी माझ्या हातात दिलीत, म्हणालात, "गुडघं दुखतंय, आता तू चालव." हर्सूलच्या घरापासून औरंगपुऱ्यापर्यंत मी पुढं आणि तुम्ही मागं, माझ्या खांद्याला घट्ट धरून. आधी तुम्ही कधी कुणाला धरून बसला नव्हता. त्या रस्त्यावर तुम्ही माझ्या पाठीशी जे बोललात ते समोरासमोर कधी बोलला नसतात. दिल्ली गेटपाशी एकदा आपण अडकलो होतो, पुढं ट्रक आडवा झालेला. तुम्ही एकदम म्हणालात, "मला नर्स व्हायचं व्हतं गं." मी आरशात बघायचा प्रयत्न केला, पण आरशात नुसता पदर दिसत होता. "मग?" "मग काय. बाबांचं प्रेस अंगावर आलं. मला कुणी विचारलं नाय." ट्रक हलला, मागून हॉर्न वाजायला लागले, आणि ते बोलणं तिथंच राहिलं.

प्रेसमध्ये तुमची एक सवय वाढली होती. नवा कागद आला की भिंग ठेवायचं, वाकायचं, आणि मला हाक मारायची. "सुजाता, ये. सांग, जमलं का?" मी बघून सांगायचे, गुलाबी जरा वर चढलाय, निळा डावीकडं गेलाय. तुम्ही म्हणायचात, "बरोबर." मला वाटायचं, एवढी वर्षं झाली तरी ही बाई माझी परीक्षा घेतेय. मनातून मी चिडायचे. घरी आल्यावर प्रशांतजवळ कुरकुरायचे, की तुझ्या बहिणीचा अजून माझ्यावर विश्वास नाही.

गेल्या थंडीतली ती दुपार. विहाराच्या पुस्तिकेचं मुखपृष्ठ होतं, निळ्या अक्षरांचं. तुम्ही भिंगावर वाकून म्हणालात, "बघ गं. मला तर ठीक वाटतंय. तुझं काय म्हणणं?" मी तुमच्या शेजारी वाकले. भिंग कोऱ्या कागदावर होतं. अक्षरं वीतभर लांब होती, आणि तुम्ही कोऱ्या समासात डोळा घालून उभ्या होता.

परीक्षा नव्हतीच ती. इतके दिवस तुम्ही मला विचारत होता.

मी भिंग हळूच सरकवलं, कागद नीट करतेय असं दाखवत. बघितलं. म्हणाले, "एका बाजूला शाई जास्त बसलीय, ताई." तुम्ही म्हणालात, "मी तेच म्हणत व्हते." रफिकभाई मशीनचा स्क्रू पिळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

त्या दिवसापासून मी जायचा विषयच सोडला. मनातल्या मनातसुद्धा. तुमचे डोळे मी, आणि मला दार नाही. रात्रंदिवस सोबत असलेल्या माणसाची कीव यायला लागली की त्याच्यावर धड रागावताही येत नाही. त्याचा मला जास्त त्रास झाला. तुमच्याशी भांडणं हीच त्या खोलीतली एक मोकळी हवा होती, आणि तीही कोंडली.

म्हणून खोक्यांच्या कंपनीतून फोन आला तेव्हा मी लगेच नकार दिला. चिकलठाण्याला त्यांची मोठी छपाई आहे, औषधांची, खाऊची खोकी. माझं काम त्यांनी बघितलं होतं. अक्षरांचं बघायला माणूस हवा, म्हणाले. मी म्हटलं, जमणार नाही. तुम्हाला ते कळलं कसं, कुणास ठाऊक. भर दुपारी तुम्ही शटर अर्धं खाली ओढलंत. गल्लीनं ऐकू नये म्हणून. आत भट्टी झाली.

"कंपनीचा फोन आला व्हता म्हणं."

"आला होता. नको म्हटलं."

"का?"

"लांब पडतंय हर्सूलवरून."

"प्रशांत रोज वाळूजला जातोय. त्याला नाय लांब पडत?"

मी कॉम्प्युटरकडं तोंड केलं. तुम्ही स्टुलावरून उठला नाहीत. "माझ्यासाठी थांबू नको, सुजाता. मला नाय चालायचं."

"तुमच्यासाठी कोण थांबलंय?"

"मग कशासाठी थांबलीस?"

ताई, एक वाक्य होतं. 'तुम्हाला दिसत नाही.' ते बोलले असते तर कदाचित आपण दोघी रडलो असतो, डॉक्टरकडं गेलो असतो, काहीतरी ठरवलं असतं. पण तुम्ही ते लपवायला इतके कष्ट घेतले होते की ते ओढून काढायचं माझ्यानं होईना. मी म्हणाले, "कामाच्या वेळी भांडू नका."

"मी काय तुला बांधून ठेवलंय व्हय?"

"नाही."

"मग जा! जात का नाय तू?"

तुमचा आवाज चिरकला. रफिकभाई बाहेरून आले, अर्ध्या शटरखालून वाकून आत बघितलं, आणि तसेच परत गेले. पुढचे काही दिवस आपण एकाच स्कूटीवर जात-येत होतो आणि बोलत नव्हतो. तुमचा हात मात्र माझ्या खांद्यावरच होता.

आणि मग ती सकाळ. तुम्ही घरी चहा पीत होता. कप टेबलावर ठेवायला गेलात आणि टेबलाच्या अलीकडंच सोडलात. खळ्ळकन फुटला. मला वाटलं, डोळे. तुम्हाला ओशाळं वाटू नये म्हणून मी तिकडं न बघताच म्हणाले, "असू द्या, दुसरा देते." चहा ओतून वळले तर तुमची मान खुर्चीच्या पाठीवर कललेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. म्हणाले, काही करण्यासारखं नव्हतंच. डोळ्यांची काळजी वाहता वाहता हृदयाचं आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नाही.

परवा कार्यक्रम झाला. भंतेजी बोलले, वंदना झाली, जेवणं झाली. मग सगळे अंगणात बसले होते आणि कुणीतरी प्रेसचं विचारलं. प्रशांत म्हणाला, "प्रेस चालूच राहणार. ताईनं जपलंय ते. सुजाता आहेच की." सगळ्यांनी माना डोलावल्या. एक मावशी मला म्हणाली, "आता तूच विमल." मी पाण्याचे पेले गोळा करत होते.

"मला कुणी विचारलं?"

माझ्या तोंडून ते इतक्या मोठ्यानं निघालं की शेजारच्या अंगणातलं बोलणंही थांबलं. प्रशांतचा चेहरा उतरला. "आता? इथं?"

"मग कधी?"

मी पेल्यांचं ताट तिथंच ठेवलं आणि मागच्या पायरीवर जाऊन बसले. लाज वाटत होती, आणि हलकंही. थोड्या वेळानं रफिकभाई आले. टोपी काढून हातात घेतली, भिंतीला टेकून उभे राहिले.

"भाभी, एक बात बोलूँ? बाई ने मेरे को पूछी थी."

"काय?"

"प्रेस तुम संभालते क्या, बोल के. सुजाता को जाने देना है, बोली. मैं बोलती तो सुनती नहीं, बोली."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मैं नक्को बोला."

"का?"

"मैं हौ बोलता तो बाई घर में बैठ जाती ना. आँखां गए हुए, घर में बैठ के क्या करती? मैं सोचा, जब तक चलता चलने दो."

"तुम्हाला डोळ्यांचं माहीत होतं?"

"बीस कदम की तो खोली है, भाभी. किस को मालूम नहीं था?" मग म्हणाले, "और मेरी फिकर मत करो. बाजू की गली में चार रंग वाली मशीन है. वो कब से बुला रहा. मैं तुम दोनों के वास्ते रुका था."

मला हसू आलं, ताई. त्या पायरीवर, तुमच्या कार्यक्रमाच्या दिवशी, तोंडात पदर कोंबून मी हसले. मग रडले. रफिकभाई टोपी फिरवत उभे राहिले. मी तुमच्यासाठी थांबले होते, ते आपल्या दोघींसाठी थांबले होते, आणि तुम्ही आम्हा दोघांना सोडवायला बघत होता, आम्हाला न कळवता. त्या खोलीत कुणीच कुणाला धरलं नव्हतं, आणि हलत मात्र कुणीच नव्हतं.

मी तुमच्यावर अजून रागावलेली आहे. रफिकभाईंना विचारलंत आणि मला नाही. 'जा' असं किती वेळा म्हणालात, पण 'मला दिसत नाही, तरी जा' असं एकदाही नाही. पहिलं 'जा' मला कळलंच नाही कधी. दुसरं कळलं असतं. मी गेले असते का? माहीत नाही. बहुतेक नसतेच. पण मग ते थांबणं माझं असतं. आणि तुम्ही काय, नर्स व्हायचं राहिलं ते एकदाच सांगितलंत, तेही ट्रकच्या आवाजात. आपल्या दोघींना बोलायला चार भिंती होत्या आणि अख्खी वर्षं होती.

काल दुपारी मी कंपनीत फोन केला. वाटलं होतं, जागा गेली असेल. गेलेली नाही. मी येते म्हणाले. तिथंही खिडकी असेलच असं नाही. मोठ्या मशीनला चारही रंग एकदम लागतात, रजिस्टर बघायला कॅमेरा असतो, असं ते म्हणाले. मी मनात म्हटलं, कॅमेऱ्याला सांगून बघा निळ्याला पदर नको म्हणून. फोन ठेवल्यावर सुटल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. प्रेसचं काय करायचं, बाबांच्या नावाची पाटी कुणी उतरवायची, प्रशांत मला काय म्हणेल, तुमच्या माणसांना काय सांगायचं, काहीच ठरलेलं नाही. तो परवापासून माझ्याशी तुटक बोलतोय. रागानं नाही, त्यालाही काय बोलावं कळत नाही. त्यानं बहीण गमावलीय, आणि मी त्याला अजून एक गोष्ट गमवायला सांगणार आहे.

घरात अजून कुणाला माहीत नाही. सगळ्यांत आधी तुम्हाला सांगितलं. भांडायला दुसरं कोण आहे मला?

बाहेर प्रशांतच्या गाडीचा आवाज आला. फाटक उघडतोय. आज चहा टाकते आणि समोर बसवून सांगते. उठते, ताई.